नाणं खरं, पण कुठलं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली: इतिहासाने खोटा ठरवलेला एक रोमन सम्राट खरा निघाला. नाव स्पॉन्सियन. पुरावा काय, तर ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयाच्या कपाटात पडून राहिलेलं एक सोन्याचं नाणं. दीडशे वर्षं ज्याला बनावट म्हणून बाजूला सारलं होतं, त्याच्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक रोखला आणि म्हणे सम्राट उठून बसला. आपल्याकडेही ही बातमी मराठीत फिरली आणि लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं असं, की जुन्या पंडितांची नजर शेवटी उघडी पडली आणि यंत्राने न्याय केला. दुसऱ्याचं म्हणणं, यंत्राला काय कळतंय? चाळीस वर्षं नाणी हाताळलेल्या माणसाच्या बोटांना जे कळतं ते प्रयोगशाळेत सापडत नाही.

मला या दोन्ही तटांशी भांडायचं आहे, कारण दोघंही एकच चूक करतात. दोघंही नाणं तळहातावर घेतात आणि त्यालाच विचारतात, बाबा रे, तू खरा की खोटा? जणू सराफाच्या दुकानात कसोटीचा दगड काढला की निकाल लागला. सराफाला सोन्याचा कस हवा असतो. त्याच्यापुरता तो प्रश्न तिथे संपतो. इतिहासाचा प्रश्न तिथे सुरूही झालेला नसतो. प्राचीन नाण्याचा अस्सलपणा त्याच्या संगतीवरून ठरतो: ते कुठे सापडलं, कुणाबरोबर सापडलं, त्याच ठशाचं दुसरं भावंड कुठे आहे का, जमिनीतून कपाटापर्यंत ते कुणाच्या हातून आलं. ही संगत तुटलेली असेल तर डोळा आणि यंत्र दोघंही अंदाजच करत असतात. एकाचा अंदाज आत्मविश्वासाचा असतो आणि दुसऱ्याचा दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांचा, एवढाच फरक.

प्रकरण मुळापासून सांगायला हवं, कारण बातम्यांत ते फार गुळगुळीत होऊन आलं. १७१३ साली ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रुमानियात) सोन्याची काही विचित्र नाणी मिळाल्याची नोंद व्हिएन्नाच्या शाही संग्रहातली नाणी-पदकं सांभाळणाऱ्या कार्ल गुस्टाव हेरेउस यांनी केली. त्यांतली काही फिरत फिरत विल्यम हंटर या डॉक्टरच्या संग्रहात आली आणि तिथून ग्लासगोला. स्पॉन्सियनच्या नावाचं आणखी एक नाणं रुमानियातल्या सिबिऊ इथे ब्रुकेन्थाल संग्रहालयात आहे. रोमन नाणी एरवी फार बोलकी. सम्राटाचं नाव, पदव्या, कितव्यांदा कॉन्सल (रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) झाला, त्रिब्युनच्या (मूळच्या जनतेच्या प्रतिनिधीच्या) अधिकारांचं कितवं वर्ष चालू आहे, हे सगळं संक्षेपाने कडेला कोरलेलं असतं. ते अधिकार दरवर्षी नव्याने मिळत, त्यामुळे त्यापुढचा आकडा दिसला की नाणं एका वर्षाच्या चौकटीत बसवता येतं. रोमन नाणी ओळखायला शिकणं म्हणजे अर्धंअधिक ही संक्षेपांची भाषाच शिकणं. स्पॉन्सियनचं नाणं मात्र जवळजवळ मुकं आहे. पुढच्या बाजूला फक्त ‘इंप. स्पॉन्सियानी’, म्हणजे ‘सम्राट स्पॉन्सियनचं’. मागच्या बाजूला एक स्तंभ आणि दोन माणसं, जी थेट इ.स.पू. १३५ मधल्या गायस ऑगुरिनस या टाकसाळ-अधिकाऱ्याच्या चांदीच्या डिनेरियसवरून उचललेली आहेत. (आपल्या संस्कृत ग्रंथांतला ‘दीनार’ तो हाच.) त्या जुन्या नाण्यावर ‘सी. ऑग.’ अशी त्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं होती. स्पॉन्सियनच्या नाण्यावर तीही उतरली आहेत. करणाऱ्याने बहुधा ती ‘सीझर ऑगस्टस’ अशी वाचली असावीत. शिवाय रोमन नाणी दोन ठशांमध्ये चकती धरून हातोड्याने ठोकत, आणि हे नाणं ओतीव आहे. १८६८ मध्ये फ्रेंच नाणेतज्ज्ञ ऑन्री कोहेन यांनी या सगळ्याला हास्यास्पद बनावट म्हणून निकालात काढलं, त्यात नवल काहीच नव्हतं.

आता विज्ञानाची बाजू. ती नीट मांडली पाहिजे, कारण ती लेचीपेची नाही. पॉल पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात मांडलेला मुद्दा असा: नाण्याच्या उंचवट्यांवर खोलवर झालेली सूक्ष्म झीज दिसते, ती अनेक हातांतून आणि थैल्यांतून फिरल्याशिवाय येत नाही. त्या झिजेवर मातीचे कण चिकटलेले आहेत आणि ते सिलिकाच्या पातळ थराने जागच्या जागी घट्ट झालेले आहेत. म्हणजे आधी वापर, मग दीर्घकाळ जमिनीत वास, मग बाहेर येणं असा क्रम त्यात वाचता येतो. १७१३ मधल्या भामट्याने हे कशासाठी करावं? जे पाहण्याचं साधनच जगात नव्हतं, ते फसवण्यासाठी कोण कष्ट घेईल? दुसरा मुद्दा त्याहून पक्का वाटतो. बनावट करणारा माणूस प्रसिद्ध सम्राट निवडेल. कुणी ऐकलेलं नाही असं नाव कोरून तो गिऱ्हाईक कसं गटवणार? आणि स्पॉन्सियन हे नाव काल्पनिक वाटावं इतकं दुर्मीळ असलं तरी रोममध्ये ते खरोखर असल्याचा एक कोरीव लेख आहे. तिसरी गोष्ट, जुन्या प्रजासत्ताक काळातले डिनेरियस डेशियात, म्हणजे आजच्या रुमानियात, भरपूर सापडतात. तिथल्या कारागिरापुढे नमुना म्हणून चारशे वर्षांपूर्वीचं नाणं असणं अशक्य मुळीच नाही. बंडाळीत रोमपासून तुटलेला, स्वतःच्या खाणींचं सोनं जवळ असलेला एखादा सेनापती इ.स. २६० नंतरच्या गोंधळात पगार भागवायला ओबडधोबड नाणी पाडतो, हे चित्र डोळ्यासमोर उभं राहतं.

उभं राहतं, आणि तिथेच घात होतो. कारण यात तीन वेगवेगळे प्रश्न एकाच दोरीने बांधले आहेत. पहिला, ही वस्तू जुनी आहे का? दुसरा, ती कुणी बनवली? तिसरा, तिच्यावर लिहिलेलं खरं आहे का? सूक्ष्मदर्शक फार तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. झीज सांगते, मी फिरले. माती सांगते, मी पुरली गेले. ‘मी डेशियाच्या टाकसाळीत सम्राटाच्या हुकुमाने जन्मले’ हे सांगायला ना झिजेला तोंड आहे ना मातीला. समजा, नाणं प्राचीनच आहे. मग ते सरहद्दीपलीकडच्या एखाद्या जमातीने रोमन नाण्यांची केलेली नक्कल का नसावं? अशा नकला तिसऱ्या शतकात सोन्यात होत होत्या, त्यांवरची अक्षरंही अशीच बिघडलेली असत. तसं असेल तर नाणं खरं, प्राचीन, शंभर नंबरी, आणि सम्राट तरीही शून्य! ब्रिटिश म्युझियमचे रिचर्ड अॅब्डी यांनी त्या वेळी याच गोलगोल युक्तिवादावर बोट ठेवलं होतं: नाणं आहे म्हणून माणूस होता, आणि माणूस होता म्हणून त्याने नाणं पाडलं. पण ‘अस्सल’ या एका शब्दाने बातमीत तीनही प्रश्नांची उत्तरं एकदम देऊन टाकली.

हे अॅब्डी जुन्या मताला चिकटून बसलेले गृहस्थ आहेत, असं कुणी म्हणेल. म्हणूनच दुसरी गोष्ट सांगायला हवी, जी या वादात कुणीच नीट सांगितली नाही. १९०० साली फ्रान्समध्ये नांतजवळ ले क्लेऑं इथे नाण्यांचा एक साठा मिळाला. त्यात डोमिशियानस नावाच्या अनोळखी सम्राटाचं एक नाणं होतं. पहिल्या शतकातला प्रसिद्ध डोमिशियन नव्हे, तिसऱ्या शतकातला, गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) फुटीर राज्यातला दुसराच कुणी. तज्ज्ञांनी नाकं मुरडली. कुणीतरी दुसऱ्याच्या नाण्यावर अक्षरं कोरून बनवलं असेल, असं म्हणून शंभर वर्षं ते संशयाच्या कोपऱ्यात बसवलं गेलं. इथे नजरेच्या भक्तांनी मान खाली घालावी, कारण पारखी नजर इथे शंभर वर्षं चुकली. ती ज्यावर घडते ते सगळं ओळखीचं असतं. जे कधी पाहिलंच नाही ते तिला खोटंच दिसणार. मग २००३ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या चॅलग्रोव्ह गावी धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला एक मडकं मिळालं. आत जवळपास पाच हजार नाणी गंजून एकमेकांना चिकटलेली. ब्रिटिश म्युझियममध्ये ती एकेक करून सोडवताना डोमिशियानसचं दुसरं नाणं निघालं. दोन्ही नाणी एकाच ठशांवर पाडलेली! शंभर वर्षांच्या अंतराने, दोन देशांत, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन साठ्यांतून एकाच ठशाची भावंडं आली, तेव्हा संशयाला जागाच उरली नाही. आणि हे दुसरं नाणं ओळखून प्रसिद्ध करणारे कोण, तर हेच रिचर्ड अॅब्डी. विस्मृतीत गेलेला सम्राट परत आणण्याला त्यांचा विरोध नाही. एक सम्राट तर त्यांनीच परत आणला. त्यांना त्यासाठी मडकं हवं होतं. स्पॉन्सियनकडे मडकं नाही.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो. १९०० चं नाणंही साठ्यातूनच आलं होतं ना? मग संगत असूनही ते का नाकारलं गेलं? बरोबर आहे. सापडल्याची नुसती गोष्ट पुरेशी नसते, गोष्ट कुणीही रचू शकतो. १७१३ च्या स्पॉन्सियनलाही गोष्ट आहेच. ती तपासता यावी लागते, आणि तिला स्वतंत्र दुजोरा मिळावा लागतो. डोमिशियानसला एक दुजोरा आधीपासून होता: ऑरेलियन सम्राटाने बंडाच्या संशयावरून पकडलेल्यांत डोमिशियानस नावाचा माणूस होता, असं झोसिमस हा इतिहासकार सांगतो. स्पॉन्सियनबद्दल प्राचीन लेखकांनी अवाक्षर काढलेलं नाही.

डोळा विरुद्ध यंत्र हा वाद आपल्याला नवा वाटतो, पण रोमनांनी तो आपल्याआधी दोन हजार वर्षं घालून झाला होता. इ.स.पू. ८५ च्या सुमारास रोममध्ये नाण्यांच्या किमतीचा इतका घोळ झाला होता, की सिसेरो या रोमन वक्त्याच्या शब्दांत, आपल्याजवळ नेमकं किती आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मारियस ग्रॅटिडियानस या प्रेटरने, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याने, डिनेरियसची तपासणी लागू केली. लोक इतके खूश झाले, की त्यांनी गल्लोगल्ली त्याचे पुतळे बसवून त्यांपुढे धूप-दिवे लावले. (तीन वर्षांतच सुल्ला या विजयी सेनापतीच्या माणसांनी त्याला हालहाल करून मारलं, पण ते नाणेतपासणीमुळे नव्हे.) पुढे ‘नुम्युलारियस’ हा नाणी पारखणाराच एक व्यवसाय झाला. आपल्याकडचा पोतदार तो हाच. खजिन्यात येणारा प्रत्येक रुपया पारखायचा, झिजलेल्यावर किंवा परमुलखातल्यावर बट्टा कापायचा, खोटा परत फेकायचा. आज ‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना आपण पोतदाराचीच भाषा बोलतो. पण पोतदार काय विचारत होता? हे नाणं चालेल का, आणि किती कमी धरायचं. त्याच्या धंद्यात हाच प्रश्न होता आणि त्याची बोटं त्यासाठी तयार झालेली. त्याला कुणी विचारलं असतं, की या नाण्यावरून अमुक राजा झाला होता हे सिद्ध होतं का, तर त्याने बहुधा दुसऱ्या थैलीला हात घातला असता.

रोमन लेखक प्लिनीने तर इ.स. ७७ च्या सुमारास आजच्या संग्राहकांचं चित्रच रेखाटून ठेवलं आहे. लोक खोट्या डिनेरियसचा नमुना अभ्यासतात, तो म्हणतो, आणि एका खोट्यासाठी अनेक खरी नाणी मोजतात. आणि त्या काळचं खोटं नाणं आज काय आहे? तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली मुलाम्याची डिनेरियस आज संग्रहालयांत मानाने बसलेली असतात. सीझरच्या काळातल्या व्यापाऱ्याने ती दगडावर आपटून फेकली असती. खरं की खोटं? प्राचीन म्हणून खरं, चलन म्हणून खोटं, फसवणुकीच्या इतिहासाचा पुरावा म्हणून पुन्हा खरं. जो प्रश्न इतक्या सहज तीन उत्तरं देतो, तो प्रश्नच नीट विचारलेला नाही.

आपल्या भूमीवर तर हा प्रश्न पुरता कोलमडतो. रोमचं सोनं-चांदी मिरी-मलमलीपायी भारतात आलं, हे शाळेत शिकलोच. दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) भारत ओढून नेतो, ही प्लिनीची ओरड प्रसिद्ध आहे. पण त्या नाण्यांचं इथे काय झालं ते जास्त मजेदार आहे. १८९८ मध्ये तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ सुमारे पाचशे सोन्याची ऑरियस सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर आडवा घाव घातलेला. अस्सल रोमन नाणी, मुद्दाम चिरलेली. का, यावर अजून वाद आहे. कुणी म्हणतं चलनातून बाद करायला, कुणी म्हणतं परक्या राजाचा चेहरा मोडायला. एखादा लिलाववाला असं एक सुटं नाणं बघून ‘खराब झालेलं’ म्हणून किंमत पाडेल. पाचशे एकत्र बघितली तर तो घाव हीच खरी बातमी ठरते. शिवाय रोमन नाण्यांच्या हिंदुस्थानी नकला झाल्या, सोन्याच्या झाल्या आणि मातीच्याही. धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन तगर, तिथे भाजलेल्या मातीच्या चकत्या मिळतात, रोमन नाण्यासारखा चेहरा आणि गळ्यात घालायला वर कडी. त्यांना बनावट म्हणायचं? फसवायचं कुणाला, मातीने? आपल्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेचाही हाच किस्सा आहे. व्हेनिसची सोन्याची डुकॅट इथे आली, लोकांना आवडली, त्यांच्या नकला होऊ लागल्या, अक्षरं बिघडत बिघडत नक्षी झाली. ती माळ घेऊन कुणी सराफाकडे ‘ही व्हेनिसची का हो?’ विचारायला गेलं नाही. नक्कल आणि फसवणूक यांतला फरक आपल्या घरातल्या डब्यातच होता.

पण नजरेची आणि यंत्राची सरसकट थट्टा करणंही अन्यायाचं होईल. संगतीच्या कामात दोघंही तरबेज आहेत, नीट जुंपली तर. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण ठसा आणि चकतीचं. प्राचीन ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे प्रत्येक ठसा वेगळा. दोन नाणी एकाच ठशाची निघाली, तर ती एकमेकांची साक्ष देतात, डोमिशियानससारखी. पण दोन नाण्यांची चकतीही सारखीच निघाली, म्हणजे कडेची तीच चीर, तोच तिरकसपणा, तोच ओरखडा, तर दोन्ही किंवा निदान एक तरी ओतीव बनावट आहे. ठसा सारखा असणं ही सोयरीक, अपघात सारखा असणं ही चोरी. हातोडा प्रत्येक चकतीवर वेगळा पडतो. एकच अपघात दोनदा घडत नाही. आणि हे कळायला निदान दुसरं नाणं समोर लागतं! एकटं नाणं हा गुन्हा कबूल करू शकत नाही. म्हणूनच हुशार भामटे अस्सल नाण्यावरून नवा ठसाच बनवतात. मग जुन्या नाण्याची झीज ठशात उतरते आणि नवंकोरं नाणं जन्मतःच झिजलेलं निघतं. हेही पकडायचं तर ते मूळ नाणं ओळखावं लागतं.

यंत्रालाही असाच जोडीदार लागतो. रोमन चांदीच्या नाण्याच्या पृष्ठभागावर आतल्यापेक्षा जास्त चांदी असते, काही टाकसाळीनेच मुद्दाम आणलेली, काही जमिनीत तांबं झिरपून गेल्यामुळे. वरवर क्ष-किरण टाकले तर नाणं आहे त्यापेक्षा सभ्य दिसतं. तिसऱ्या शतकात गॅलिएनसच्या कारकिर्दीत ‘चांदी’च्या नाण्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली होती आणि तरी वरून ती चकाकत होती. यंत्र खोटं बोललं नाही, त्याला वरचाच प्रश्न विचारला होता. आणि पृष्ठभागावरचं वय कसं आणायचं हेही भामट्यांना जुन्या काळापासून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा अतिशय निष्णात ठसे कोरणारा होता. तो आपली ताजी ‘प्राचीन’ नाणी लोखंडाच्या कीसाच्या डब्यात भरून घोडागाडीच्या खाली बांधायचा आणि रस्त्यावरून फिरवून आणायचा, असं सांगतात. रस्त्याच्या धक्क्यांनी दोन तासांत दोन शतकं अंगावर चढायची. त्याचा डेशियातल्या सिलिकाशी काही संबंध नाही, हे मान्य. सिलिका अजून कुणी डब्यात बनवून दाखवलेली नाही. पण ‘असं कुणी करणार नाही’ हा युक्तिवाद नाणेबाजारात जितका वेळा हरला आहे, तितका क्वचितच दुसरीकडे हरला असेल.

आता उलट टोकाचं उदाहरण, जे स्पॉन्सियनपेक्षा मला जास्त सतावतं. सीझरच्या हत्येनंतर इ.स.पू. ४२ मध्ये त्या कटातल्या ब्रुटसने आपल्या सैन्यासाठी नाणी पाडली. मागच्या बाजूला दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली ‘मार्चच्या मध्यावर’ ही खुनाची तारीख. चांदीची नाणी बऱ्यापैकी आहेत, सोन्याची मोजून तीनच माहीत आहेत. त्यांतलं एक ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेलं. नजरेने पास केलं, तज्ज्ञांनी पास केलं, दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडून प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन उत्तम प्रतीचा शेरा मिळाला. नाणं खरंच होतं. खोटी होती त्याची कहाणी. ते एका जुन्या सरदारी संग्रहातून आलंय, असं लिहिलेले कागद रचलेले निघाले, लिलावसंस्थेच्या प्रमुखाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, आणि २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत गेलं. म्हणजे बघा: स्पॉन्सियनच्या वेळी शंका नाण्यावर होती, इथे नाणं निष्कलंक आणि माणसं बनावट. आणि नुकसान? ब्रुटसची ही सोन्याची नाणी कुठे पाडली गेली, कुठे वाटली गेली, कुठल्या सैनिकाने कुठे पुरली, हे सांगू शकणारी एक साक्ष कायमची गेली. बाजाराने ‘अस्सल’ असा शिक्का मारलेल्या नाण्याबद्दल आपल्याला आज त्याच्या अंगावर लिहिलंय तेवढंच माहीत आहे.

संग्राहक इथे चिडतात, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. जगातल्या संग्रहालयांत पडलेली लाखो नाणी कुठे सापडली याची नोंद नाही. अठराव्या शतकातल्या सरदारांनी पेट्या भरल्या तेव्हा कुणी नोंदी ठेवत नव्हतं. ती सगळी फेकून द्यायची का? शिवाय संग्राहकांनीच ठशांचा अभ्यास उभा केला, सूची केल्या, चुका पकडल्या. सरकारी कपाटात कुलूपबंद झालेल्या नाण्यांपेक्षा संग्राहकाच्या टेबलावरची नाणी जास्त वाचली गेली, हे मी पैजेवर मान्य करीन. आणि कायदा जितका कडक तितका सापडलेला हंडा अंधारात जास्त लवकर वितळतो, हेही खरं.

पण याच मुद्द्यातून माझं म्हणणं पक्कं होतं. जुनी नाणी फेकायची नाहीत, त्यांच्यावर ठेवायच्या भाराचं वजन कमी करायचं. संगत नसलेल्या नाण्यावर सूची उभी राहू शकते, सम्राट उभा राहू शकत नाही. आणि कायद्याचा प्रश्न कडकपणाचा नसून नोंदीचा आहे. इंग्लंडने १९९६ मध्ये निधीचा नवा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सापडलेल्या वस्तू आपण होऊन नोंदवायची योजना सुरू केली. शोधणाऱ्याला मोबदला, इतिहासाला पत्ता. चॅलग्रोव्हच्या मडक्याचा शोध त्याच व्यवस्थेत नोंदला गेला. आपल्याकडे अजून १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं घबाड सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवा, असं तो सांगतो. त्या दहा रुपयांत आज कटिंगचा चहाही जेमतेम येतो. नांगराच्या फाळाला लागलेल्या हंड्यासाठी कलेक्टर कचेरीचे खेटे घालणं आणि ओळखीच्या सराफाची मूस, यांत शेतकरी काय निवडतो हे सांगायला इतिहासकार लागत नाही. दुसरीकडे १८१८ साल कोरलेलं, रामाचं चित्र असलेलं बनावट ‘रामटंका’ नाणं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं, चमत्कारी, लाखोंचं’ म्हणून आजही फॉरवर्ड होत फिरतं. खऱ्याची माती होते आणि खोट्याला हार.

एकदा तरी आपल्याकडे संगत शाबूत राहिली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीची १३ हजारांहून अधिक नाणी एका साठ्यात मिळाली. क्षत्रप नहपानाची, चेहरा पाश्चात्त्य धर्तीचा, कडेला ग्रीक अक्षरं. त्यांतल्या जवळपास ७० टक्के नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एकेक नाणं सुटं घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं असतं तरी ते अस्सलच ठरलं असतं, यात शंका नाही. पण किती नाण्यांवर पुन्हा ठोकलं आणि किती तशीच राहिली हा हिशेब, एका राज्याचं चलन दुसऱ्याने किती नेटाने आपलंसं केलं हे सांगणारा, एकत्र साठ्यातच होता. वेगवेगळ्या सराफांच्या मुशीत गेला असता तर गौतमीपुत्राच्या विजयाची कथा आपण फक्त नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखावर विश्वास ठेवून सांगत राहिलो असतो, आणि कुणीतरी विचारलं असतं, राजाच्या आईने कोरवलेल्या लेखावर किती भरवसा ठेवायचा?

स्पॉन्सियनचं नाणं अजून ग्लासगोतच आहे. त्याला बनावट म्हणायची मला घाई नाही; सिलिकाचा मुद्दा माझ्याही गळी पूर्ण उतरलेला नाही आणि पूर्ण अडकलेलाही नाही. रुमानियातल्या कुठल्याशा शेतात, पुरातत्त्वज्ञाच्या फावड्याखाली, दुसऱ्या ओळखीच्या नाण्यांच्या घोळक्यात त्याचं एखादं भावंड निघालं, तर मी आनंदाने माझे शब्द गिळीन. तोपर्यंत सम्राटांच्या यादीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह राहू द्यावं. डोमिशियानसच्या पुढे ते शंभर वर्षं होतं, आणि त्याचं त्यात काही बिघडलं नाही.